कडाही राखू, गुहाही राखू

शिवनेरीचा कडा आणि बारापेडेची गुहा. पहिली जागा पुणे जिल्ह्यात जुन्नरला, दुसरी बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, भीमगडाच्या जंगलात, तळेवाडीजवळ. दोन्ही सह्याद्रीच्याच. दोन्हींवर शिवरायांची छाया आहे: एका गडावर ते जन्मले, दुसरा गड त्यांनी गोव्याच्या पोर्तुगिजांवर नजर ठेवण्यासाठी राखला. या दोन जागांनी विज्ञानाला दोन दुर्मीळ जीव दिले. जुन्नरच्या कड्यांनी शिवसुमन दिले आणि बारापेडेने रॉटनचे वटवाघूळ. दोघांचाही जीव आज मोजक्या जागांवर टांगलेला आहे. दोघांनाही वाचवणे अजून आपल्या हातात आहे, आणि म्हणूनच हे आवाहन.

फुलाला आणि वटवाघळाला एकाच लेखात का आणले, असे कुणी विचारेल. मोहाच्या, टेटूच्या, गोरखचिंचेच्या फुलांवर रात्री वटवाघळे येतात आणि त्यांचे परागीभवन करून जातात. ते नाते अनेकांना ठाऊक आहे. शिवसुमन आणि रॉटनचे वटवाघूळ यांच्यात असे कोणतेही नाते नाही. फूल माश्यांना बोलावते, तर वटवाघूळ रात्रीच्या आभाळात किडे टिपते. त्यांची एकमेकांशी गाठ पडण्याचे काही कारण नाही. तरीही त्यांची कहाणी शेजारी-शेजारी ठेवून वाचली, की निसर्ग राखताना आपण नेमके कुठे कमी पडतो ते स्पष्ट दिसते. एकाला आपण माया दिली पण पुरते संरक्षण दिले नाही. दुसऱ्याला कायद्याचे संरक्षण दिले पण माया दिली नाही. आणि दोघांच्याही राहत्या जागेकडे दुर्लक्ष केले.

आधी फुलाचे सांगतो. मुंबई इलाख्याच्या वनखात्यात काम करणाऱ्या निकोल डॅल्झेल यांनी १८६५च्या सुमारास जुन्नर भागातल्या या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला फ्रेरिया इंडिका हे नाव मिळाले. गावाकडे तिला शिंदळ माकुडी म्हणतात, आणि शिवनेरीच्या नात्याने अलीकडे शिवसुमन हे नाव सर्वतोमुखी झाले आहे. ही रुईच्या कुळातली. माकडशिंगी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिची ठेवण लगेच ओळखता येईल: मांसल, पाणी धरून ठेवणारी खोडे, कड्याच्या कपारीतून खाली लोंबणारी. माकडशिंगीच्या गोतावळ्यात पाने नावापुरतीच असतात. शिवसुमनला मात्र पावसाळ्यात चांगली ठसठशीत पाने फुटतात आणि उन्हाळ्यात ती गळून जातात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्यावर रुपयाच्या नाण्याएवढी, पाच पाकळ्यांची, चांदणीसारखी फुले येतात. रंग गडद लालसर, त्यावर पिवळे ठिपके, कडेला बारीक लव.

हे फूल माश्यांच्या भरवशावर जगते. रुईच्या कुळातल्या इतर फुलांसारखेच याचे परागकण सुटे नसतात. त्यांचे पुंज असतात. माशीच्या अंगाला हा पुंज अडकला आणि ती दुसऱ्या फुलावर जाऊन नेमक्या खाचेत तो सोडून आली, तरच फळ धरते. म्हणून फुले पुष्कळ दिसली तरी शेंगा थोड्याच लागतात. शेंग तडकली की रेशमी तंतूंचे बी म्हातारीसारखे वाऱ्यावर निघते. त्यातले एखादेच बी ओलसर, मातीचा चिमूटभर थर असलेल्या कपारीत पडते आणि रुजते. बाकीची वाया जातात. असा बिकट संसार करणाऱ्या वनस्पतीच्या वाटेत आपण वणवा, बकरी आणि फावडे आणून ठेवले, तर ती टिकणार कशी?

बराच काळ शिवसुमन फक्त जुन्नर परिसरातच आहे असे मानले जाई. पुढे अभ्यासकांनी कडे पालथे घातले, तेव्हा पुरंदर-वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर अशा काही ठिकाणी ते सापडले. महाराष्ट्राबाहेर मात्र ते जगात कुठेही निसर्गतः उगवत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने १९८०च्या दशकात जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या बारा वनस्पतींची यादी केली, तेव्हा त्या बारांत आपल्या या फुलाचा समावेश होता. सबंध पृथ्वीवरच्या बारांपैकी एक आपल्या गडाच्या कड्यावर आहे. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असायला हवी होती.

आता वटवाघळाकडे येऊ. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११मध्ये भारतातल्या सस्तन प्राण्यांचे मोठे सर्वेक्षण हाती घेतले. त्यामागे ज्यांचा मोठा पुढाकार होता ते रॉबर्ट रॉटन हेही मुंबई इलाख्याच्या वनखात्यातलेच अधिकारी. १९१३मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या ओल्डफील्ड थॉमस यांनी बारापेडेच्या गुहेतल्या वटवाघळाचे वर्णन केले आणि त्याला रॉटन यांचे नाव दिले. याचे कान मोठे, पुढे झुकून थेट तोंडावर आलेले. अंगाची लव गडद चॉकलेटी, मानेभोवती फिकट राखाडी पट्टा, कुशींच्या कडेने पांढरी बारीक रेघ. शेपूट पंखांच्या पडद्यातून मोकळे बाहेर आलेले. पंख लांब आणि अरुंद, म्हणून उड्डाण वेगवान आणि उंचावरून. वटवाघळांचे बहुतेक आवाज आपल्याला ऐकू येत नाहीत, पण याची हाक इतकी खालच्या पट्टीतली असते की चांगल्या कानाच्या माणसाला ती ऐकूही येते.

यानंतर कितीतरी दशके बारापेडे हे या जातीचे जगातले एकमेव ठाऊक घर होते. २०००च्या आसपास कंबोडियात आणि मेघालयात ते सापडले. मेघालयातल्या आणखी काही गुहांतही नंतर त्याची नोंद झाली. तरी पश्चिम घाटातली त्याची महत्त्वाची वस्ती बारापेडेच आहे, आणि तिथली संख्या शेकड्याच्या आतबाहेरचीच सांगितली जाते. गुहेच्या छताच्या खळग्यांत ही वटवाघळे एकमेकांना बिलगून राहतात. मादीला एका वेळी एकच पिल्लू होते. शंभर जिवांची वस्ती, एका मादीमागे एक पिल्लू. ऐन विणीच्या दिवसांत एकदाच मोठी धांदल उडाली, तरी त्या वर्षीची पिल्ले हातची जातात.

दोघांची तुलना केली, तर पहिला फरक इथेच दिसतो. शिवसुमनची फांदी तोडून लावली तर ती रुजते. पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने आणि इतर संशोधन केंद्रांनी ते बागेत वाढवले आहे, ऊतीसंवर्धनानेही त्याची रोपे करता येतात. म्हणजे सगळे कडे उजाड झाले तरी कुंडीत ते राहू शकेल. वटवाघळाची फांदी लावता येत नाही. गुहेतली वस्ती उठली की ती उठलीच. म्हणून फुलाच्या बाबतीत आपण निर्धास्त व्हायला लागतो, आणि खरा धोका तिथेच आहे. कुंडीतले शिवसुमन माळ्याच्या हातून जगते. कड्यावरचे शिवसुमन माशीशी, वाऱ्याशी, खडकाशी, दुष्काळाशी झुंजत स्वतःला घडवत राहते. बागेत नमुना उरेल. जातीचा स्वाभाविक संसार कड्यावरच चालतो. रोपवाटिका हा शेवटचा आधार आहे, आणि तो शेवटचाच राहिला पाहिजे.

दुसरा फरक कायद्याचा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, रॉटनच्या वटवाघळाला स्थान मिळाले. बराच काळ त्या यादीत दोनच वटवाघळे होती: हे, आणि सलीम अलींच्या नावाचे दक्षिणेतले फळखाऊ वटवाघूळ. २०११च्या शेवटी कर्नाटक सरकारने सुमारे १९० चौरस किलोमीटरचे भीमगड अभयारण्य जाहीर केले, त्यामागे या वटवाघळाचा मोठा वाटा होता. कागदावर एवढे भक्कम संरक्षण फार थोड्या जिवांना लाभले आहे.

फुलाच्या वाट्याला मात्र तसे काही आले नाही. वनस्पतींना त्या कायद्यात जागा मिळाली १९९१च्या दुरुस्तीने, आणि तेव्हा यादीत फक्त सहा वनस्पती आल्या. शिवसुमन त्यांत नव्हते. परदेशी निर्यातीला बंदी असलेल्या वनस्पतींत त्याचा समावेश झाला, हे चांगले झाले. पण निर्यातबंदी बंदरावर उभी असते. उतारावर लावलेली आग ती विझवू शकत नाही.

आणि मायेचे पाहिले तर नेमके उलट चित्र दिसते. शिवसुमन म्हटले की माणसाचे डोळे चमकतात. गडप्रेमी त्याचा फोटो काढतात, समाजमाध्यमांवर टाकतात, अभिमानाने सांगतात. वटवाघूळ म्हटले की कपाळावर आठी पडते. घरात शिरले तर अपशकुन, झाडावर लटकले तर भुताटकी. आपल्या कायद्यातही फळखाऊ वटवाघळे उंदीर-कावळ्यांच्या जोडीने उपद्रवी ठरवलेली होती. २०२२च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली तेव्हा कुठे तो कलंक पुसला गेला. करोनाच्या काळात या भीतीने उचल खाल्ली. २०२१मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह विषाणूच्या खुणा सापडल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने जाहीर केले, आणि पुन्हा वटवाघळे संपवून टाका अशी बोलणी कानावर आली.

या भीतीला सरळ उत्तर दिले पाहिजे. वटवाघळांच्या अंगात विषाणू असतात, हे खरे आहे. ते माणसापर्यंत पोचतात ते आपण त्यांना हात लावतो, त्यांच्या गुहेत शिरतो, त्यांची उष्टी फळे खातो तेव्हा. धूर करून, फटाके फोडून वस्ती उठवली, तर घाबरलेली वटवाघळे इतस्ततः पांगतात, नव्या जागी आसरा शोधतात, आणि माणसाशी त्यांचा संपर्क कमी होण्याऐवजी वाढतो. म्हणजे आपल्या आरोग्यासाठीही शहाणपणाचा मार्ग एकच: गुहा त्यांची, बाहेरची वाट आपली. रॉटनचे वटवाघूळ तर निव्वळ किडे खाते. अंधारात चाललेले ते काम आपल्याला दिसत नाही, म्हणून त्याची किंमत शून्य होत नाही.

संकटे कोणती, तेही नीट ओळखू या. कड्यावर सगळ्यांत मोठा शत्रू वणवा. गवत पुढच्या वर्षी चांगले फुटेल या समजुतीने डिसेंबरनंतर डोंगर पेटवले जातात. आग कपारींपर्यंत पोचली की शिवसुमनची लोंबणारी खोडे होरपळतात. त्यानंतर चराई, कडे ढासळणे, रस्त्यासाठी डोंगर फोडणे. संग्राहकांची हाव हा वेगळाच शत्रू. पाणी साठवणाऱ्या वनस्पती जमवण्याचा छंद जगभर आहे, आणि दुर्मीळ जातीची ओरबाड होते ती याच छंदापायी.

चांगल्या हेतूने होणारे नुकसानही मोजले पाहिजे. वृक्षारोपणाच्या उत्साहात आपण उघड्या डोंगरउतारांवर गिरिपुष्प लावतो. पण शिवसुमनला हवे ते ऊन आणि उघडा खडक. सावली पडली की त्याचे घर गेले. उघडा कडा म्हणजे ओसाड कडा, ही समजूत सोडली पाहिजे. गडावर श्रमदान करणारे तरुण तटांवरची झाडे काढतात तेव्हा इतिहास वाचवण्याची त्यांची तळमळ खरी असते. त्या तळमळीला वनस्पतींची ओळख जोडली, तर पिंपळ-वडाची तट फोडणारी मुळे निघतील आणि कपारीतले शिवसुमन राहील. २०२५च्या जुलैमध्ये शिवनेरीसह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आनंदाचीच गोष्ट. पण आता गर्दी वाढेल, पायवाटा रुंद होतील, कठडे येतील, दिवे येतील. वारशाचा आराखडा करताना दगडी तटाइतकाच कड्यावरचा हा जिवंत वारसाही त्यात लिहिला गेला पाहिजे.

गुहेतले संकट अधिक नाजूक आहे. तिथे आरडाओरडा, मशाल, धूर किंवा कॅमेऱ्याचा झोत एवढेही पुरेसे ठरते. मेघालयात चुनखडीच्या खाणींनी गुहांचा भवतालच पोखरला जातो आहे. म्हणून तिकडे वटवाघळे सापडली, आता बारापेडेचे एवढे काय, असे म्हणणे धोक्याचे आहे. आंतरराष्ट्रीय यादीत ही जात आधी अतिसंकटग्रस्त होती. नवी ठिकाणे सापडल्यावर ती ‘अपुरी माहिती’ या वर्गात गेली. याचा अर्थ ती सुरक्षित झाली असा नाही. तिचे किती जीव उरले हे जगाला सांगता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. जे मोजताच आलेले नाही, त्याच्याबाबत तर दुप्पट सावध राहायचे असते.

मग करायचे काय? काही गोष्टी सरकारने करायच्या आहेत. सिंधुदुर्गातल्या आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात एक छोटा मासा सापडला, आणि २०२१मध्ये महाराष्ट्र सरकारने त्या माशासाठी जेमतेम दोन हेक्टरांची जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. एका माशासाठी हे होऊ शकते, तर शिवसुमनच्या कड्यांसाठी का नाही? शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड येथील ज्या कपारींत शिवसुमन टिकून आहे, त्या कपारी वारसास्थळे म्हणून जाहीर करा, ही आपली पहिली मागणी असली पाहिजे. गड पुरातत्त्व खात्याचा, उतार वनखात्याचा, पायथा ग्रामपंचायतीचा, आणि फूल कुणाचेच नाही, ही अवस्था एका संयुक्त आराखड्याने संपवता येईल.

बारापेडेसाठी मागणी वेगळी. गुहेच्या तोंडाला घाईने लोखंडी जाळी ठोकू नका. लांब अरुंद पंखांच्या या वटवाघळाला झेप घ्यायला मोकळी जागा लागते. जाळीच त्याला फास ठरू शकते. अडवायचे असेल तर माणसांना दूरवर, वाटेतच अडवा. मोजणीसाठी आत जाण्याची गरज नाही. त्याची हाक ओळखता येते, म्हणून बाहेर ध्वनिमुद्रक बसवून वर्षभर नोंद ठेवता येईल. या कामात तळेवाडी आणि आसपासच्या गावांतल्या तरुणांना पगारी राखणदार म्हणून घ्या. जंगल ज्यांच्या पायाखालचे आहे, त्यांना बाजूला सारून जंगल राखले जात नाही.

काही गोष्टी गावाच्या हातात आहेत. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. कितीतरी गावांत ती वही कपाटात पडून आहे. ती काढा. कड्यावर काय आहे ते गुराख्यांना, धनगरांना, वैदूंना विचारून लिहा. त्यांच्याइतके डोंगर कुणी पाहिलेले नाहीत. वणव्याचा हंगाम सुरू होण्याआधी कड्याच्या वरच्या अंगाला जाळरेषा काढा. ऐन फुलोऱ्याच्या महिन्यांत तेवढ्या पट्ट्यात चराई थांबवायची असेल, तर ज्यांची गुरे आहेत त्यांच्याशी बोलून, त्यांना पर्यायी चारा देऊन थांबवा. हुकुमाने राखलेले कुरण एक हंगाम टिकते, समजुतीने राखलेले वर्षानुवर्षे.

बाकीचे आपल्या प्रत्येकाच्या हातात आहे. गडावर जाल तेव्हा वाट सोडून कड्याच्या कडेला जाऊ नका. शिवसुमन दिसले तर डोळे भरून पाहा, फांदी तोडू नका, आणि फोटो टाकताना नेमकी जागा सांगू नका. कुंडीत हवेच असेल तर फक्त रोपवाटिकेत वाढवलेले घ्या, आणि कड्यावरचे रोप कुणी विकत असेल तर वनखात्याला कळवा. गुहेच्या तोंडाशी पोचलात तर तिथूनच परत फिरा, सोबतच्यांनाही फिरवा. घरात वटवाघूळ शिरले तर दिवे मालवून खिडकी उघडी ठेवा, ते आपले आपण जाईल. शिक्षकांनी सहलीला निघण्याआधी मुलांना या दोन जिवांची गोष्ट सांगावी. गिर्यारोहण संस्थांनी मोहिमेच्या नियमांत गुहा आणि कडे यांच्यासाठी दोन ओळी वाढवाव्यात. लेखक-पत्रकारांनी वटवाघळाबद्दल लिहिताना भीती विकू नये.

या यादीतली एकही गोष्ट महागडी नाही. एकीसाठीही नवा शोध लागायला हवा असे नाही. शिवसुमनला कायद्याचे बळ मिळवून द्यायचे आहे, कारण माया त्याच्याकडे आहे. रॉटनच्या वटवाघळाला माया द्यायची आहे, कारण कायदा त्याच्या बाजूला आहे. एका जिवाच्या पदरात जे आहे तेच दुसऱ्याला हवे आहे, आणि दोघांनाही हवी आहे आपली जागा, जशी आहे तशी.

येत्या ग्रामसभेत, शाळेच्या पालकसभेत, तुमच्या गिर्यारोहण गटाच्या बैठकीत हा विषय मांडा. तुमच्या आमदारांना वारसास्थळाच्या मागणीचे पत्र लिहा आणि त्यावर गावातल्या शंभर जणांच्या सह्या घ्या. शिवरायांच्या गडांनी सांभाळलेले हे दोन जीव आपल्या पिढीच्या हातून जाता कामा नयेत. कामाला लागू या.